स्नॅपशॉटचे राखणदार

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कामावर आहेत. "काम तरी काय करतोस?" असें घरच्या वडील मंडळींनीं विचारिलें, तेव्हां त्यांनीं सरळ सांगितलें, "बहुधा दुसऱ्यांनीं लिहिलेला कोड तपासतों, आणि चालू असलेलें मोडणार नाहीं हें पाहतों." झालें! एवढें शिकून नवें कांहीं न लिहितां दुसऱ्याच्या चुका काढीत बसणें हें काय काम झालें, असा सूर घरांत उमटला. हा सूर आम्हांस पुष्कळ घरांत ऐकूं येतो. म्हणून त्या कामाचें स्वरूप यथामति मांडीत आहों.

मोठ्या वाड्यांत एकाच छपराखालीं चार बिऱ्हाडें नांदावीं आणि प्रत्येकास आपलें घर स्वतंत्र वाटावें, तशी योजना संगणकांतहि असते. एका दणकट संगणकाच्या पोटांत अनेक कल्पित संगणक चालवितात. त्यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात. युक्ति जुनी आहे, आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालींच ती आपल्या गिऱ्हाइकांस देऊं केली होती. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच गृहस्थांनीं २००३ सालीं ‘क्यूएमू’ नांवाचें सॉफ्टवेअर सुरू केलें. २००७ सालीं लिनक्समध्यें ‘केव्हीएम’ आलें, आणि हीं दोन्हीं आज जगभर जोडीनें राबतात. केव्हीएम रचणारी कंपनी २००८ सालीं रेड हॅटनें विकत घेतली. त्या रेड हॅटची कचेरी पुण्यास आहे. आमच्या नाशकांत, सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत, २००५ सालीं निघालेली ईएसडीएस ही कंपनी असलींच यंत्रें भाड्यानें देते. तेव्हां विषय आपल्या अंगणांतलाच आहे.

कल्पित संगणकाची डिस्कहि कल्पितच. वस्तुतः ती एक मोठी फाइल असते. क्यूएमूच्या या फाइलीच्या घडणीस ‘क्यूकाऊ-२’ म्हणतात. (नांवांतील ‘काऊ’चा गोमातेशीं संबंध नाहीं, ‘कॉपी ऑन राइट’, म्हणजे ‘लिहितांना नक्कल’, या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत.) सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वीं डिस्कची त्या क्षणींची स्थिति जतन करितात, कीं बिघडलें तर तेथें परत जातां यावें. यास स्नॅपशॉट म्हणतात. शब्द छायाचित्राचा असल्यानें सर्व डिस्कची नक्कल होत असेल असें वाटतें. पण नक्कल होते ती केवळ वरच्या अनुक्रमणिकेची. मजकूर सामान्यतः ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांनीं ठेविलेला असतो. कोणता तुकडा कोठें, हें अनुक्रमणिका सांगते. त्या तुकड्याचे धनी किती, हें वेगळ्या नोंदवहींत असतें. स्नॅपशॉट घेतला कीं प्रत्येक तुकड्यास एक धनी वाढतो. पुढें त्या जागीं कांहीं लिहावयाचें झालें तर सॉफ्टवेअर आधीं संख्या पाहतें. धनी एकाहून अधिक असतील तर जुन्यास हात न लावतां नवा तुकडा घेऊन त्यांत लिहितें.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षांत यावी. स्नॅपशॉट त्याच फाइलींत राहतो. डिस्क जळाली तर तोहि जळतो. गोदावरीच्या २००८ व २०१९ च्या पुरांत दुतोंड्या मारुतीकडे पाहून पातळी जोखणाऱ्या नाशिककरांस हें सांगणें नको कीं, तळमजल्यावरील एकाच पेटींत दोन वह्या ठेवून रक्षण होत नाहीं. दुसरी प्रत दुसऱ्या जागींच हवी.

शेतीवाडी असलेल्या घरांस धन्यांची ही मोजणी ओळखीची वाटेल. सातबाऱ्यावर दोघां भावांचीं नांवें असतां एकानें हक्क सोडला, तरी जमीन बेवारस होत नाहीं. दोन्हीं नांवें गेलीं तरच ती मोकळी. स्नॅपशॉट खोडतांना हेंच होतें. आतां मोजणींत चूक दोन प्रकारची संभवते. संख्या खरीपेक्षां अधिक राहिली, तर मयताचें नांव तसेंच राहिल्यासारखें होतें. जमीन पडीक राहते, पण कोणाची बुडत नाहीं. संख्या कमी पडली तर मात्र अनर्थ! हयात भावाचें नांव खोडलें जातें, जमीन मोकळी समजून तिसऱ्यास दिली जाते, आणि तो उभ्या पिकावर नांगर फिरवितो. पहिलीस ‘गळती’ म्हणतात. दुसरीनें कोणाची तरी डिस्क नासते. आणि ती नासली हें त्याच दिवशीं कळेलच असें नाहीं. कित्येकदां जुन्या स्थितीकडे परतण्याची निकड लागते तेव्हांच कळतें.

म्हणून क्रमास महत्त्व. नवा धनी नोंदवितांना आधीं संख्या वाढवावी, मग अनुक्रमणिकेंत लिहावें; काढतांना आधीं अनुक्रमणिकेंतून काढावें, मग संख्या उतरवावी. मध्येंच वीज गेली तरी मग उरते ती केवळ गळती. क्रम उलटा असेल तर महिनोन्महिने कांहीं दिसत नाहीं, कारण वीज नेमकी त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणीं जावी लागते. आम्हीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासिल्या. चुकलेलें उत्तर कोणीहि पकडतो; उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, तें पकडावयास डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. कोड तपासणाऱ्याचें काम या दुसऱ्या जातीचें आहे.

क्यूएमूंत कोणीहि फरक सुचविला तर तो सर्वांसमोर ठेवितात; जाणते लोक तो वाचतात, शंका काढितात, वेळीं दोनचारदां परत पाठवितात. मान्य झाल्यावर लिहिणाऱ्याबरोबर तपासणाऱ्याचेंहि नांव त्या नोंदींत कायमचें राहतें. ही रीत आम्हांस फार आवडली. घनपाठी ब्राह्मण एकहि नवें अक्षर रचीत नाहीं. म्हणून त्यास आपल्यांत कोणी कमी लेखिलें आहे काय?

२०१४ सालीं डिस्कच्या याच कोडाची कसून छाननी झाली, तेव्हां अनेक व्यंगें सांपडलीं. स्नॅपशॉटांच्या यादीचा फाइलींत लिहिलेला आकार सॉफ्टवेअर पडताळून न पाहतां खरा धरीत होतें. म्हणजे विद्यार्थ्यानें स्वतःच मांडलेल्या गुणांवर परीक्षकानें सही करावी तसें! परक्यानें दिलेल्या खोट्या फाइलीनें त्यांतून घात होऊं शकला असता. पुढच्याच वर्षीं, मे महिन्यांत, ‘व्हेनम’ नांवाचें व्यंग उजेडांत आलें. तें फ्लॉपी डिस्कच्या कोडांत २००४ पासून दबून होतें. फ्लॉपी जवळजवळ नामशेष झाली होती. कोड मात्र जागा होता, आणि त्या वाटेनें बिऱ्हाडकरूस वाड्याच्या मालकाच्या माजघरांत शिरतां आलें असतें.

क्यूएमूच्या कोडाबरोबर एक यादी असते. कोणत्या भागाची देखभाल कोणाकडे, हें तींत लिहितात. ज्यास कोणी वाली उरला नाहीं त्यापुढें ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, असा शेरा मारितात. डिस्क व तिचे स्नॅपशॉट यांच्या भागापुढें अद्याप माणसांचीं नांवें आहेत.