मोजा, मग लिहा

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, असे विचारताच तुम्ही ‘४६’ म्हणाल आणि पूर्ण गुण मिळवाल. पण १९५० साली ‘४८’ हेच उत्तर बरोबर ठरले असते! अमेरिकन शास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी १९२३ साली मांडलेला हा आकडा तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत टिकला. नंतर अनेकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. परंतु एकमेकांवर पडलेली गुणसूत्रे मोजताना मनात ४८ आधीच बसलेले असत. पुढे पेशी फुगवून गुणसूत्रे सुटी करण्याची युक्ती सापडली. ती वापरून जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये मोजणी केली व १९५६ साली ४६ हा आकडा प्रसिद्ध केला.

म्हणून माझे मत असे, की पेशीविभाजनाच्या अवस्थांची नावे पाठ करून घेण्याआधी शाळेने मुलांच्या हाती कांदा द्यावा. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला काही दिवसांत मुळे फुटतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुळाचे टोक सौम्य आम्लात मऊ करून, रंगवून, काचपट्टीवर दाबले की विभाजन पावणाऱ्या पेशी दिसतात. आपली जखम भरते तीही अशाच विभाजनाने. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे, ही सबब नको. रांग लावता येते.

कांद्याची गुणसूत्रे १६. तुमची १५ भरली तर? पुन्हा मोजा. तरीही १५ च भरली, तर वहीत १५ लिहा. शेजाऱ्याचे १६ पाहून आपला आकडा मात्र बदलू नका.