चाऱ्याचे बी तारखेला द्या, नाहीतर ठेवा तुमच्याकडेच



सरकारी तक्त्यात 'रब्बी चारा' असा एकच रकाना असतो. त्यात ज्वारी, मका, ओट ओळीने लिहिलेले. जणू भाद्रपदात पेरले काय आणि मार्गशीर्षात पेरले काय, दावणीत सारखीच वैरण पडणार! कोरडवाहू रानात पीक तारीख ठरवते, रकाना नव्हे.

मूग-उडदाचे रान भाद्रपदात मोकळे होते. तिथे जोंधळाच. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा आणि हस्त, फार तर चित्रा लागताना. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पोंगे मारते. उशीर केला तर ओल खाली जाते आणि दाणा भरताना ताटे खडखड्याने लोळतात. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ आजही टिकून आहे, ती दाण्याबरोबर कडबा देते म्हणून. नुसते क्विंटल मोजणाऱ्यांना हे समजायला फार वर्षे लागली.

कपाशीचे रान मात्र डिसेंबरशिवाय सुटत नाही. पऱ्हाटी उपटून त्या कोरड्या रानात जोंधळा टाकायला सांगणाऱ्याला आम्ही कृषितज्ज्ञ म्हणत नाही. (पदवी आमच्याकडेही तीच आहे.) तो गुडघाभर येऊन सुकतो, आणि असा ताण बसलेला कोवळा जोंधळा जनावराला विष ठरतो. फुलोऱ्याआधी त्यात गुरे सोडू नका.

विहिरीला पाणी असेल तर ओट करा, पण कपाशी निघायची वाट न पाहता, वेगळ्या तुकड्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. थंडी त्याला मानवते. पहिली कापणी ५०-६० दिवसांनी, दुसरी पुढे ३५-४० दिवसांनी. दुसरी नीट मिळते ती वेळेवर पेरणाऱ्यालाच. डिसेंबर उलटला की ओटचा नाद सोडा, थंडी ओसरल्यावर पाण्यावर आफ्रिकन टॉल मका करा. पाणीच नसेल तर काही पेरू नका, बियाण्याचे पैसे कडब्याला ठेवा.

हे सगळे कचेरीत ठाऊक आहे. तरीही आमच्या भागात ओटच्या पिशव्या हाती पडल्या त्या डिसेंबरअखेर! कागदावर वाटप शंभर टक्के. चारा आला नाही, तर शेरा तयार: शेतकरी शास्त्रीय पद्धत पाळत नाही.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. जोंधळ्याचे बी पोळ्याला आणि ओटचे दसऱ्याला गावात आले पाहिजे. पिशवीवर पेरणीची शेवटची तारीख छापलेली पाहिजे. ती उलटून आलेल्या पिशवीसाठी कोणी सही करायची नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावाने पिशव्या कोणत्या तारखेला मिळाल्या ते लिहून आणावे.