कापसाची तेजी आणि मळ्यावरचे मूल

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) आमच्या पाठ्यपुस्तकांत येते ते बहुधा पुरवठ्याचे उदाहरण म्हणून. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला, तो याच तेजीच्या काळात. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि मुंबईतील सट्टेबाजांचे दिवाळे वाजले. नागपुरास आगगाडी पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर! हा सर्व तपशील आपले विद्यार्थी उत्तम लिहितात.

त्याच वर्षांत त्या मळ्यांवर वाढणाऱ्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसतो. बुकर टी. वॉशिंग्टन हा व्हर्जिनियातील एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. मळा कापसाचा नव्हता, तंबाखूचा होता; परंतु दास्य तेच. युद्ध सुरू झाले तेव्हा तो सुमारे पाच वर्षांचा होता. मालकाच्या जेवणाच्या मेजावरील माश्या वारताना युद्धाच्या आणि मुक्तीच्या गोष्टी त्याच्या कानी पडत. मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन तो शाळेच्या दारापर्यंत जाई. आत जाण्याची मुभा नव्हती. युद्धकाळातील टंचाईची झळ गुलामांपेक्षा मालकांनाच अधिक लागली, असेही त्याने नोंदविले आहे. कारण चहा, कॉफी, साखर गुलामांच्या वाट्याला मुळातच येत नव्हती. टंचाईची याहून मार्मिक मीमांसा मी तरी वाचलेली नाही.

महात्मा फुल्यांनी या दास्यमुक्तीचे मोल ओळखले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती त्या कार्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना.

आपल्याकडे गुलामगिरी नाही, यादवीही नाही. ही तुलना ताणू नये, हे खरेच. परंतु तळेगावच्या परिसरात वेचणीच्या दिवसांत शाळेचा हजेरीपट एकदा चाळून पाहावा. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. आईच्या गाठोड्यात मुलीने वेचलेला कापूसही असतो. काट्यावर वजन एकच होते आणि वहीत नाव आईचेच लागते. मुलीचे श्रम हिशेबातून असे अलगद नाहीसे होतात. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना घरच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर हातभार लावण्याची सवलत दिली आहे. दुसऱ्याच्या शेतातील मजुरी तीत बसत नाही. पण गाठोड्याला कायदा कोण विचारणार?

दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्यालाही भाव स्वतः ठरविता येत नाही. म्हणून ज्या ग्रामसभेत हमीभावाची मागणी होते, तिथेच वेचणीचा दर बाईला दिवसाचे किमान वेतन पडेल इतका ठरावा आणि मुख्याध्यापकांनी ऑक्टोबर ते जानेवारीचा हजेरीपट त्याच सभेपुढे ठेवावा. यंदाच्या वेचणीपूर्वी हे करणे तळेगावला अवघड नाही.