जूनमध्ये कोण येतं?

मैत्रिणींनो, मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायची टूम आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. मागच्या डिसेंबरात आम्हीही केला. जिलबी नेली, बिस्किटांचे पुडे नेले. मुलं ओळीनं बसली, ह्यांनी फोटो काढले. निघताना सात-आठ वर्षांच्या एका मुलानं माझा पदर धरून विचारलं, "काकू, परत कधी येणार?" मी आपली म्हणून गेले, "येईन हं पुढच्या महिन्यात." मग परीक्षा आल्या, सासूबाईंचं दुखणं निघालं, आणि जाणं राहूनच गेलं.

आमच्या शाळेत एक ख्रिस्ती बाई आहेत. त्यांच्या चर्चचं महिला मंडळ एका वसतिगृहाला दरमहा पैसे देतं. घरखर्चातून काढलेले, थोडेच. पण चुकत नाहीत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, डिसेंबरात गोडधोड ठेवायला तिथं जागा नसते. जूनमध्ये वह्या, दप्तरं, गणवेश लागतात, तेव्हा कोण येतं?" मला काही उत्तर सुचलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण त्यांचं काम चाललं कशावर, हे मला अलीकडेच कळलं. १८८७ साली अमेरिकेत बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी एक मंडळ निघालं. वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमधली माणसं त्यात होती. गावोगावी लहान लहान गट झाले आणि दहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं त्यांनी कबूल केलं. मला मोठं वाटतं ते हे दहा वर्षांचं वचन. त्याच्या भरवशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढे मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, आपल्यातल्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं. तो राग अगदीच अकारण होता असं मी म्हणणार नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना उचलून केडगावला आणलं ते रमाबाईंनीच. मुक्ती मिशन तिथं अजून आहे.

आता परदेशातून देणगी घ्यायला संस्थेला सरकारी परवानगी लागते, आणि २०२० मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. तेव्हा तिकडच्या चर्चवर सगळा भार टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

द्यायचं ठरवलंत तर आधी विचारा, संस्थेची बालन्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? पैशांची पावती घ्या. कपडे नेणार असाल तर धुऊन, बटणं लावून न्या. फाटकं पोलकं आपण पायपुसण्याला ठेवतो, ते मुलांना कशाला? काय हवं ते संस्थेतल्या बाईंनाच विचारा. बहुतेक वेळा साबण, तेल, अंतर्वस्त्रं असलं काहीतरी सांगतात, जे आपल्याला देणगीसारखं वाटतच नाही. आणि मुलांचे फोटो कुठं पाठवू नका. त्यांची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे. आमचे फोटो तोवर सगळ्या नातेवाइकांकडे पोचले होते! ह्यांना एकेकाला सांगून ते काढायला लावले.

जूनमध्ये मी वह्या घेऊन गेले. तो मुलगा नव्हता. मामा येऊन घेऊन गेला, असं बाई म्हणाल्या. दुसरी एक मुलगी भागाकार घेऊन बसली होती, बाकी कुठं लिहायची ते तिला कळत नव्हतं. तिच्याशेजारी बसले. आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाळा सुटली की मी तिकडे जाते. त्या दिवशी घरी खिचडीच असते, आणि सासूबाई अजून कुरकुरतात.