वाचून घेतलेली बोली

राणी एलिझाबेथ यांची नाताळची भाषणे बीबीसीच्या संग्रहात वर्षानुवर्षे साठत गेली. जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली १९५० आणि १९८० च्या दशकांतली भाषणे घेऊन स्वर मोजले. २००० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिले, की राणीचे स्वरही सरकले होते, आणि तेही दक्षिण इंग्लंडातल्या सर्वसामान्यांच्या उच्चारांकडे. भाषणांचे नुसते कागद जपले असते तर यातले काहीच कळले नसते.

वक्ता तोच, प्रसंग तोच, म्हणून हा पुरावा पक्का. बोलीच्या अभ्यासकाला असे साहित्य क्वचित मिळते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या, त्यांत बायबलातल्या उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या भाषांत सांगून घेतलेली आहे. तुलनेला ती सोयीची. पण गप्पांत माणूस वाक्य अर्धवट सोडतो, दुसरा ते पुरे करतो, त्याला तिथे वावच नव्हता.

शंभर वर्षांनी, बोलणे ओळखणाऱ्या यंत्रणांसाठी नमुने घेतानाही निवेदकापुढे बऱ्याचदा लिहिलेले वाक्यच ठेवले जाते. पडद्यावर ‘मी काम केले’ दिसले की एरवी ‘केलं’ म्हणणारी बाई ‘केले’ असेच वाचते. ‘काय करून राहिला’ म्हणणारा वऱ्हाडी माणूस समोरचे ‘काय करतो आहेस’ निमूटपणे वाचून दाखवतो. अशा नमुन्यांवर यंत्र लेखी मराठीचा उच्चार शिकते, आणि मग यंत्राला कळावे म्हणून त्याच माणसाला आपले बोलणे बदलावे लागते. भाषेची नोंद घेणारे साधनच तिला वाकवू लागते, याची मला खरी चिंता वाटते.

मालिकांमुळे बोली बुडाल्या, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्लासगोचा अभ्यास पाहा. ‘ईस्टएंडर्स’ या लंडनच्या मालिकेत मनाने गुंतलेल्या मुलांच्या बोलण्यात काही लंडनी उच्चार जास्त आढळले. पण प्रत्यक्ष भेटीगाठी आणि मुलांचे आपापले गट यांचाही त्यात वाटा होता. मराठीबद्दल असे काही ठामपणे सांगायचे, तर हाताशी गप्पांची ध्वनिमुद्रणे हवीत.

म्हणून क्षेत्रकार्यावरच्या मित्रांना विनंती: वाचन जरूर घ्या, पण त्याच बैठकीत ओळखीच्या दोघांना अर्धा तास आपसात बोलू द्या आणि आपण बाजूला व्हा. कोण कोणाशी, कुठे, कधी बोलले ते लिहून ठेवा. संमती घेतानाच पुन्हा येण्याची परवानगी मागा. दहा वर्षांनी त्याच माणसांकडे जायचे आहे.