ऐपत कुणाची काढता?



'ऐपत नव्हती तर घर घेतलंच कशाला?' २००७-०८ साली अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला, घरकर्जं बुडाली, लाखो घरांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या. तेव्हा तिथल्या सुखवस्तू गोऱ्यानं हा सवाल केला. त्यानं तो करावा ह्यात नवल काय? पण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेली, बँकेत नि कंपनीत चिकटलेली आपली पोरं आजसुद्धा हेच बोलतात. काय तर म्हणे, काळ्यांना, गरिबांना कर्जं वाटली म्हणून अमेरिका बुडाली. हे ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून लिहितोय, नि गोड लिहिणार नाही.

आधी त्या रागाची जात बघा. लेहमन बुडाली १५ सप्टेंबर २००८ ला. सरकारनं बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची थैली काढली. लोक खवळले, प्रतिनिधींना फोन करकरून त्यांनी भंडावून सोडलं, नि २९ सप्टेंबरला ते विधेयक पडलं. चांगलं झालं. पण ३ ऑक्टोबरला तेच विधेयक थोडं सजवून पास! बँकांना पैसा मिळाला. मग १८ फेब्रुवारी २००९ ला ओबामानं हप्ते थकलेल्या घरमालकांसाठी ७५ अब्जांची योजना सांगितली. ७०० कुठं नि ७५ कुठं. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या सट्टाबाजारातून रिक सँटेली नावाचा टीव्हीवाला ओरडला की ज्याला बिलं भरता येत नाहीत नि तरी जादा न्हाणीघराचं घर पाहिजे, त्या शेजाऱ्याचा हप्ता तुमच्यातला कोण भरणार? भोवतीच्या दलालांनी हुर्यो केली. कर्जदारांना तो 'लूजर' म्हणाला. तिथंच त्यानं 'टी पार्टी'ची हाक दिली आणि पुढं त्या नावाची चळवळच उभी राहिली. वर चढू न शकलेला राग उताराला लागला. आपल्या गावात उतार कुठल्या वस्तीकडं असतो हे तुम्हाला सांगायला नको.

आता ऐपतीचं बोलू.

१९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज महामंडळानं दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांना बहुतेक ठिकाणी लाल रंग. लाल म्हंजे धोका. १९३४ पासून दुसरं सरकारी खातं घरकर्जाला हमी द्यायला लागलं, तेही काळ्या वस्त्यांना वगळून. म्हंजे काय झालं? गावकूस झालं. दगडामातीचं नसलं म्हणून काय! गोरा कामगार सरकारी हमीच्या कर्जावर घरमालक झाला, पोरांच्या नावावर घर ठेवून मेला. काळा कामगार तेवढीच मजुरी करून भाड्यात मेला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाल्यावर आठवड्याभरात घरांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. १९७७ साली दुसरा कायदा आला की बँकांनी ज्या वस्तीतून ठेवी घ्यायच्या तिथं कर्जही द्यायचं.

ह्याच १९७७ च्या कायद्यावर पुढं सगळं पाप ढकललं गेलं. साफ खोटं. बुश सरकारनं नेमलेला रँडल क्रॉस्नर हा रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर. डिसेंबर २००८ मध्ये त्यानंच हिशेब मांडला. ह्या कायद्याखालच्या बँकांनी आपल्या हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना नि वस्त्यांना दिलेली महाग कर्जं एकूण महाग कर्जांच्या फक्त ६ टक्के. बाकीची कुणी दिली, कुणाला दिली? नेवाडा-फ्लोरिडात एकेकानं तीन-तीन घरं सट्ट्यासाठी घेतली, त्यांचीही बुडाली. त्यांची जात कुणी काढली नाही.

जाळं कसं होतं ते समजून घ्या. दोन वर्षं व्याज कमी, मग अठ्ठावीस वर्षं बाजाराप्रमाणं चढतं. मधेच कर्ज फेडून सुटायचं तर दंड. दलालानं गिऱ्हाईक जेवढ्या चढ्या व्याजाला बसवलं तेवढं त्याचं कमिशन जादा. आणि कर्ज देणारा ते स्वतःजवळ ठेवतच नव्हता. हजारो कर्जांची मोट बांधून वॉल स्ट्रीटला विकायचा. कर्ज बुडलं तर बुडो, त्याच्या बापाचं काय जातंय! आपल्याकडचा सावकार निदान कूळ जिवंत राहील एवढं बघायचा.

लाल रेघेबाहेर ज्यांना पन्नास वर्षं उभं केलं, त्यांच्याच दारात आता हे दलाल आले. बाल्टिमोर शहरानं जानेवारी २००८ मध्ये वेल्स फार्गो बँकेवर दावा लावला. २००९ ला बँकेच्याच माजी कर्ज-अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. काळ्या गिऱ्हाइकांना आतले लोक 'चिखलाची माणसं' म्हणायचे नि त्यांच्या कर्जांना 'घेट्टो लोन'. गिऱ्हाईक गाठायचं तर काळ्यांचं चर्च गाठा, पाद्री हाताशी धरा, लोक त्याचं ऐकतात. (आपला पुढारी आठवला का? मलाही आठवला.) बँकेनं आरोप नाकारले. पण जुलै २०१२ मध्ये, गुन्हा कबूल न करता, सरकारशी १७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. सरकारचं म्हणणं असं की स्वस्त कर्जाला पात्र असलेल्या सुमारे ४,००० काळ्या नि हिस्पॅनिक लोकांना महाग कर्जात ढकललं, आणि सुमारे ३०,००० जणांकडून तशाच गोऱ्यांपेक्षा जादा पैसे उकळले. त्याआधी डिसेंबर २०११ ला कंट्रीवाइडचं प्रकरण ३३.५ कोटींना मिटलं. तिथं कर्जदार होते दोन लाखांवर.

पात्र असलेल्या. हा शब्द परत वाचा. ऐपत होती! पगार होता, कागद होते. कातडी आडवी आली.

१९१७ साली कोलंबियात शिकलेला माणूस बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याच्या खिशात भाडं नव्हतं काय? पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि काठ्या घेतलेल्या जमावानं तिथनंही बाहेर काढलं. तो माणूस बाबासाहेब. आणि त्यांची लेकरं आज काळ्या माणसाची ऐपत काढतात! ब्लॅक पँथरचं नाव उचलून १९७२ ला आपण दलित पँथर झालो. नाव तेवढं घेतलं नि नातं विसरलो, असं म्हणायचं का?

'आपल्या बँका शहाण्या, म्हणून वाचलो,' हेही ऐकतो. मी घरकर्जाचा फॉर्म घेऊन एका बँकेत गेलो होतो. साहेबानं पगाराची पावती बघितली, मान डोलावली. मग वस्तीचं नाव वाचलं नि पेन खाली ठेवलं. ह्या शहाणपणाचं कौतुक मला सांगू नका.

किंमत कुणी मोजली? प्यू संशोधन केंद्राचा आकडा आहे. २००५ ते २००९ मध्ये मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता १६ टक्क्यांनी घटली, काळ्याची ५३, हिस्पॅनिकची ६६. आणि बँकवाले? वॉल स्ट्रीटचा एक अधिकारी, करीम सेरागेल्दीन, २०१३ ला तीस महिन्यांसाठी आत गेला. वरच्यांना हातही लागला नाही.

पण सगळेच गप्प बसले नाहीत. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथल्या शेरीफ टॉम डार्टनं ऑक्टोबर २००८ मध्ये जप्तीच्या घरातून माणसं काढणं काही दिवस थांबवलं, कारण मालकाचा हप्ता थकला म्हणून भाडं भरणारे बिचारे रस्त्यावर येत होते. ६ डिसेंबर २०११ ला ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क वस्तीत कार्यकर्त्यांनी मोर्चा काढून एका बेघर कुटुंबाला जप्तीच्या रिकाम्या घरात नेऊन बसवलं. ह्या गोष्टी आपल्या अभ्यासवर्गात कधी सांगितल्या? आपण सँटेलीचं भाषण पाठ केलंय.

बाल्टिमोरची ती प्रतिज्ञापत्रं मराठीत आणायची आहेत. इंग्रजी बरं असलेले दोघं पाहिजेत. स्टेन्सिल मी कापतो, कागदाचा खर्च वाटून घेऊ.