चिकटवलेल्या धावा

गेल्या आठवड्यात घरात दिवाळीची साफसफाई निघाली आणि माळ्यावर चढण्याचे काम रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. खाली स्टूल धरून आमचे चिरंजीव उभे होते. एरवी हा पंधरा वर्षांचा मुलगा झाडूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पण या खेपेस त्याचा हेतू निराळा होता.

"बाबा, तुमच्या लहानपणची खेळाडूंची कार्डं आहेत का हो वर? जुनी असली तर भाव येतो!"

चिरंजीवांना बास्केटबॉलच्या कार्डांचा छंद आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एनबीएचे दोन संघ वरळीला येऊन खेळून गेले. ते सामने त्याने टीव्हीवर पाहिले, आणि तेव्हापासून मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत हे वेड नांदते आहे. खाऊचे पैसे साठवून तो कार्डांची पाकिटे मागवतो आणि मला त्या शास्त्राचे धडे देतो.

नवख्या खेळाडूच्या पहिल्या कार्डाला म्हणे 'रूकी' म्हणतात आणि सारे मोल त्याचेच. मायकेल जॉर्डन १९८४ साली एनबीएत उतरला. पण त्याचे सर्वांत गाजलेले रूकी कार्ड १९८६ चे, फ्लीअर कंपनीच्या १३२ कार्डांच्या संचातले ५७ वे. च्युइंग गमच्या पाकिटातून मुलांच्या हाती पडलेले! आता अशी कार्डे तज्ज्ञांकडे पाठवतात. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग पाहतात, चित्र मधोमध छापले आहे की नाही ते पाहतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. दहा गुणांचे ते जॉर्डन कार्ड २०२१ च्या आरंभी ७ लाख ३८ हजार डॉलरांना गेले. पुढे भाव उतरला, पण नऊ गुणांच्या कार्डाची किंमत त्याच्या जवळपासही फिरकत नाही. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. एका गुणाला एवढा भाव असतो हे ठाऊक नव्हते.

नव्या कार्डांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांत खेळाडूची सही असते, जर्सीचा तुकडा बसवलेला असतो आणि काही कार्डांची एकच प्रत निघते. जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्यांचे, २००७-०८ च्या हंगामातले असे एकुलते एक कार्ड २०२५ च्या ऑगस्टात १ कोटी २९ लाख डॉलरांना विकले गेले.

तर माळ्यावर मला एक दोनशेपानी वही सापडली. तिच्यात माझी १९८७ च्या सुमाराची क्रिकेटची कार्डे होती. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. बिग फन नावाच्या बबल गमबरोबर खेळाडूचे चित्र मिळे आणि त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा-बळी जमले की कार्डे दुकानात द्यायची आणि भराभर पाने उलटली की चित्रातला खेळाडू हलू लागे, असे छोटे पुस्तक घ्यायचे. चाळीतल्या चार मुलांनी ते मिळवले. माझ्याही धावा पुऱ्या झाल्या होत्या; पण त्याच रात्री अण्णांनी, 'हरवतील रे' म्हणून, सगळी कार्डे खळीने वहीत चिकटवून टाकली! प्रत्येकाखाली खेळाडूचे नाव आणि शेवटी धावांची बेरीज, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी रडून चाळ डोक्यावर घेतली. अण्णांशी तीन दिवस बोललो नाही. खरे सांगायचे तर ती अढी अण्णा गेल्यावरही पुरती सुटली नव्हती.

चिरंजीवांनी वही पाहिली, भिंग लावले आणि निकाल दिला, "एक गुण. तोही मेहेरबानीने." मग जरा विचार करून म्हणाला, "पाण्यात भिजवून सोडवून बघू या का? खळ सुटेल."

मी भांड्यात पाणी आणलेसुद्धा. आणि मग अण्णांची ती बेरीज दिसली. शाईची होती. पाणी लागते तर कार्डे कदाचित सुटली असती, पण अक्षर राहिले नसते. आणि एक साधी गोष्ट इतक्या वर्षांनी ध्यानात आली. ज्या चौघांनी पुस्तके मिळवली, त्यांनी आपली कार्डे दुकानदाराला देऊन टाकली. माझी राहिली, ती अण्णांच्या खळीमुळे.

मी पाणी तुळशीत ओतले. चिरंजीव काही बोलला नाही. त्याने बोटाने धावा मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, आजोबांची बेरीज चारने चुकलीय."

"राहू दे," मी म्हटले.

आता तो त्या वहीच्या मापाचे प्लॅस्टिकचे पाकीट शोधतो आहे. मीरा रोड स्टेशनबाहेरच्या तीन दुकानांत विचारून झाले. अजून मिळालेले नाही.